तापीकाठचा माळा : खानदेशी गोठ्यापासून पांडेसऱ्याच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत

घराच्या, गोठ्याच्या किंवा कारखान्याच्या छपराखाली, खाली माणूस ताठ उभा राहील इतक्या उंचीवर, लाकडी खांब आणि तुळया यांच्या आधाराने सामान ठेवण्यासाठी जी दुसरी जमीन घातली जाते तिला माळा किंवा पोटमाळा म्हणतात. स्थापत्याच्या इतिहासात वाड्यांच्या दिंडी-दरवाजांना, कोरीव खांबांना आणि सुरतेच्या जुन्या वस्त्यांतील नक्षीदार सज्जांना मानाचे स्थान मिळाले. माळ्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही, कारण तो दर्शनी भागात नसतो आणि त्याचे काम केवळ ओझे वाहण्याचे असते. तरीही तापीच्या खोऱ्यात, म्हणजे वरच्या अंगाला जळगाव, धुळे व नंदुरबार आणि समुद्राच्या अंगाला सुरत या पट्ट्यात, धान्य, चारा, बियाणे, सूत आणि कापड सांभाळण्याचा प्रश्न लोकांनी कसा सोडवला हे समजून घ्यायचे असेल, तर या दुर्लक्षित बांधकामाचा अभ्यास टाळता येत नाही. हे ज्ञान खानदेशातून स्थलांतर करणाऱ्या माणसांबरोबर सुरतेच्या दक्षिणेकडील पांडेसरा या औद्योगिक वस्तीपर्यंत आले, आणि त्या प्रवासात त्यातले काही टिकले, तर काही, तेही नेमके सुरक्षिततेशी संबंधित असलेले, गळून पडले.

खानदेशातील जुने घर धाब्याचे असते. धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर: दगडी उथळ्यांवर, म्हणजे खांबाचे बूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावे म्हणून बसवलेल्या दगडांवर, लाकडी खांब उभे करायचे, खांबांवर तुळया म्हणजे मुख्य आडवी लाकडे टाकायची, तुळयांवर काटकोनात कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडे जवळजवळ रचायची आणि त्यांवर काटक्या, पाने व चिखल घालून शेवटी पाणी न झिरपू देणाऱ्या खाऱ्या मातीचा थर चोपायचा. या छपराचे वजन प्रचंड असते, आणि म्हणूनच ते पेलणारा लाकडी सांगाडा भिंतींवर फारसा अवलंबून न राहता स्वतःच्या पायावर उभा राहील अशा बेताने घडवला जात असे. दोन तुळयांमधील अंतराला खण म्हणतात. तो साधारणपणे पाच फुटांच्या आसपास ठेवत आणि घराचा मोठेपणाही खणांच्या संख्येतच सांगत. खणाचे माप लहान ठेवण्यामागे मोठे शहाणपण होते, कारण आडव्या लाकडाची लांबी दुप्पट केली आणि दर फुटावरचे ओझे तेच ठेवले, तर लाकडावरचा ताण चौपट होतो आणि त्याचे वाकणे सोळापट होते. जुन्या सुताराने हे गणित कागदावर मांडले नव्हते, तरी त्याच्या हातातल्या मापात ते पूर्णपणे उतरलेले होते.

अशा घराच्या मागे किंवा खळ्याच्या कडेला जो गोठा असे, त्याच्या अर्ध्या भागावर माळा घालण्याची पद्धत होती. वर कडबा, पेरणीसाठी राखलेले बियाणे, पावसाळ्यात न लागणारी अवजारे, दोरखंड आणि टोपल्या, खाली बैल. कडबा हलका पण जागा खाणारा, बियाणे थोडके पण जड, म्हणून जड वस्तू खांबांच्या आणि भिंतीच्या लगत ठेवायची आणि मधल्या भागात चारा भरायचा, असा संकेत पाळला जाई. मुख्य धान्य मात्र माळ्यावर चढवत नसत. त्यासाठी पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार, बळद म्हणजे भिंतीतच बांधलेली बंद जागा, किंवा कणगी म्हणजे बांबूची विणून शेणामातीने लिंपलेली उभी पाटी असे. वजनाची ही वाटणी ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्वांत जड वस्तू जमिनीने वाहायची आणि माळ्याने हलकी व मध्यम वजनाची वस्तू सांभाळायची, हा पहिला नियम होता, आणि पुढे शहरात तोच सर्वांत आधी मोडला.

खानदेशात लाकडाची निवडही कामाप्रमाणे होई. सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या रानांतून येणारा साग तुळया व फळ्यांसाठी पहिल्या पसंतीचा होता, कारण त्याच्या अंगातील तेलकट द्रव्यामुळे वाळवी सहसा त्याला लागत नाही आणि वाळल्यावर तो कमी पिळतो. अंजनाचे लाकूड त्याहून जड आणि चिवट असून खांबांसाठी उपयोगी पडे. बाभूळ आणि कडुनिंब ही गरिबांच्या घरांची लाकडे होती. सुरतेच्या बाजूला डांगचे जंगल सागासाठी विख्यात होते, आणि इंग्रजांनी १८४०च्या दशकाच्या आरंभी तेथील भिल्ल राजांकडून हे जंगल भाड्याने घेतले ते मुख्यतः जहाजांसाठी लागणाऱ्या सागासाठीच. सोनगड आणि व्यारा यांच्या आसपासची राने बडोद्याच्या गायकवाडांच्या ताब्यात होती. सुरतेच्या सुतारकामाला जहाजबांधणीची जी जोड मिळाली तिचा पुरावा म्हणजे, मुंबईच्या गोदीचे पहिले मोठे कारागीर लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ मध्ये सुरतेहूनच मुंबईला गेले. जहाजाचा सांगाडा घडवणारे हात आणि घराचे माळे घालणारे हात एकाच शहरात वावरत असल्याने लाकडाची जोडणी, म्हणजे एका लाकडाच्या टोकाला कुसू हा पुढे आलेला भाग ठेवून तो दुसऱ्याच्या खाचेत बसवणे आणि वरून लाकडी खुंटी ठोकणे, ही कला येथे उच्च दर्जाला पोहोचली होती.

याच लाकडी शहराची कसोटी १८३७ मध्ये लागली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मच्छलीपीठ भागात एका घरी उकळत्या डांबराच्या भांड्याने पेट घेतला आणि ती आग तीन दिवस शहराच्या मध्यभागातून पसरत राहिली. ब्रिटिश काळातील गॅझेटियरांनी जळालेल्या घरांचा आकडा ९,३७३ असा दिला आहे आणि शहर व उपनगरे मिळून सुमारे दहा मैल लांबीचे रस्ते आगीच्या तडाख्यात सापडल्याची नोंद केली आहे. या आगीची राख थंड होऊन काही महिने झाले असतील नसतील, तोच त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस तापीला तोपर्यंतचा सर्वांत मोठा पूर आला आणि जवळजवळ सगळे शहर पाण्याखाली गेले. एकाच वर्षात आलेल्या या दोन संकटांनी सुरतेचा उरलासुरला व्यापारही खचला. परंतु माळ्याच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. पुराने प्रत्येक घराला सांगितले की मौल्यवान वस्तू वर ठेवा. आगीने त्याच घरांना सांगितले की वर ठेवलेली वस्तू, तिला धरून ठेवणारे लाकूड आणि तिथे पोहोचवणारा जिना हे सर्व एकदमच जाऊ शकते. सुरतेत माळा घालणाऱ्याला तेव्हापासून आजपर्यंत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ऐकाव्या लागतात, आणि चांगला माळा कोणता हे ठरवायचे तर याच दुहेरी निकषावर ठरवणे योग्य होईल.

त्या आगीवरून लाकूड हेच धोक्याचे मूळ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो पूर्णपणे बरोबर नाही. जाड लाकूड पेटले की त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर तयार होतो, आणि हा थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून काही काळ वाचवतो. साधारणपणे हे जळणे मिनिटाला अर्ध्या ते पाऊण मिलिमीटर वेगाने आत सरकते, म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येक उघड्या बाजूचे सुमारे दोन सेंटिमीटर लाकूड निकामी होते. सहा इंच जाडीची सागवानी तुळई त्यामुळे बराच वेळ उभी राहते. याउलट उघडे लोखंड साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास आपली सुमारे निम्मी ताकद गमावते आणि एकाएकी वाकते, तर बारा मिलिमीटरचे प्लायवूड वीस मिनिटांच्या आतच जळून आरपार जाते. घरांची गर्दी, अरुंद गल्ल्या, बारीक पट्ट्या, कोरडे गवत, छपराची काटकी आणि माळ्यांवर साठवलेला माल हेच आगीचे खरे खाद्य असते. म्हणून माळ्याचे लाकूड मोजके पण जाड असावे, ही जुनी रीत अग्निसुरक्षेच्या आजच्या शास्त्राशी जुळते, आणि पातळ सामग्रीचा दाट सांगाडा उभारण्याची आजची रीत तिच्या विरुद्ध जाते.

१९०० च्या सुमारास सुरत आणि खानदेश यांना जोडणारी ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली, आणि खोऱ्याच्या वरच्या भागातील माणसांना समुद्राकडच्या शहराची वाट सोपी झाली. सुरुवातीला हा प्रवास हंगामी होता. पुढे १ मे १९६० रोजी गुजरात राज्य स्थापन झाले, १९६२च्या कायद्याने गुजरात औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि सुरतेच्या दक्षिणेस उधना, पांडेसरा व पुढे सचिन या भागांत औद्योगिक वसाहती वाढल्या. पांडेसऱ्यात मुख्यतः कृत्रिम धाग्याच्या कापडाची रंगाई व छपाई करणारे कारखाने आले, तर आजूबाजूच्या वस्त्यांत यंत्रमागांचे गाळे. १९७२च्या दुष्काळाने आणि खानदेशातील जुन्या कापडगिरण्यांच्या उतरत्या काळाने हजारो कुटुंबांना या बाजूला लोटले. आज उधना, लिंबायत आणि पांडेसरा हा सुरतेतील मराठी भाषकांचा मोठा पट्टा असून महापालिका तेथे मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. सुरतेत येणाऱ्या कामगारांत ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहार येथील लोकही मोठ्या संख्येने आहेत, परंतु घरात माळा घालण्याची जी सवय खानदेशी कुटुंबांनी बरोबर आणली तिचा धागा सरळ गावातल्या गोठ्यापर्यंत जातो.

येथे धाबे टिकणे शक्य नव्हते. धुळे-जळगावपेक्षा सुरतेत पाऊस कितीतरी अधिक पडतो, आणि मातीचे छप्पर तो सोसत नाही. म्हणून विटांच्या भिंती आणि वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा असे घर प्रचलित झाले. छप्पर हलके झाल्यामुळे खांब, तुळया आणि उथळे यांचा सांगाडाच नाहीसा झाला, आणि माळा मात्र राहिला. पूर्वी छपराचे मोठे ओझे पेलणाऱ्या सांगाड्यात माळ्याचे ओझे सहज सामावत असे. आता तो अर्ध्या विटेच्या भिंतीत खोचलेल्या चार दांड्यांवर टेकू लागला. पांडेसऱ्यातील माळ्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका बदलात आहे, असे म्हणावे लागते.

ओझ्याचा हिशोब केला की हे अधिक स्पष्ट होते. भारतीय मानक ब्युरोच्या ८७५ क्रमांकाच्या मानकात राहत्या खोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरला जातो. गोदामासाठी मात्र साठ्याच्या प्रत्येक मीटर उंचीमागे सुमारे २४० किलो, आणि एकूण किमान ७५० किलो धरावे लागतात. दहा फूट लांब व आठ फूट रुंद माळ्यावर गावाहून आलेल्या ज्वारी-गव्हाची एकेक क्विंटलची वीस पोती ठेवली तर दोन टन वजन साडेसात चौरस मीटरांहून थोड्या कमी जागेवर येते, म्हणजे दर चौरस मीटरला पावणेतीनशे किलोंच्या घरात. पोत्यांच्या जागी ताके, म्हणजे मागावरून उतरलेल्या कापडाचे गुंडाळलेले तुकडे, छपरापर्यंत रचले तर परिस्थिती राहत्या घराच्या मापाने मोजण्यासारखी राहतच नाही. त्यामुळे माळ्याची आखणी करताना प्रथम तेथे काय, किती आणि कोणत्या बाजूला ठेवले जाणार हे ठरवावे लागते आणि लाकूड त्यानंतर निवडावे लागते. लाकूड आधी आणून नंतर ते किती पेलते हे पाहणे म्हणजे घरातल्या माणसांवरच प्रयोग करणे होय.

आडवे लाकूड उभ्या कडेवर ठेवावे, आडवे पाडून ठेवू नये, हे प्रत्येक जुना सुतार शिकवत असे. दोन इंच रुंद आणि चार इंच उंच कडी त्या स्थितीत जेवढे पेलते त्याच्या निम्मेच ती आडवी टाकल्यावर पेलते, आणि वाकते मात्र चौपट. तुळईची टोके भिंतीत पुरेशी आत जायला हवीत, त्यांच्याखाली दगडाची किंवा काँक्रीटची बैठक हवी आणि टोकांभोवती हवा खेळायला थोडी मोकळीक हवी, कारण ओल्या विटांत चहूबाजूंनी चिणलेले लाकूड बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून कुजते. टोकाशी, खालच्या बाजूने खाच पाडणे हा आणखी एक गंभीर दोष आहे. लाकडाच्या धाग्यांच्या रेषेत तेथूनच चीर सुरू होते. भिंत पातळ असेल, आणि पांडेसऱ्यातील बहुतेक खोल्यांत ती पातळच असते, तर माळ्याला स्वतःचे खांब देणे हाच खरा उपाय आहे. असे खांब दिल्याने जुनी खानदेशी पद्धत पुन्हा वापरात येते: दगडी उथळा, त्यावर खांब, खांबावर तुळई आणि दोहोंच्या कोनात तिरपा टेकू. या तिरप्या टेकूचे काम ओझे पेलण्याचे नसून सांगाडा बाजूला झुकू न देण्याचे असते. यंत्रमागाच्या गाळ्यात, जेथे माग दिवसरात्र हादरे देत असतात, खिळ्यांनी जोडलेले सांधे सैल होत जातात. तेथे तिरपे टेकू आणि बोल्टांनी आवळलेल्या लोखंडी पट्ट्या यांशिवाय माळा विश्वासाचा राहत नाही.

खांबाखालच्या मातीचाही विचार करावा लागतो. या भागात काळी चिकण माती मोठ्या प्रमाणावर आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वरवर ठेवलेला उथळा वर्षाकाठी थोडा वर-खाली होतो आणि माळ्याचा एक कोपरा लोंबकळू लागतो. पाया या हलत्या थराच्या खाली नेणे, किंवा किमान खाली मुरूम व खडीची जाड भर घालणे, खर्चिक वाटले तरी टाळण्याजोगे नाही.

पाण्याचा प्रश्न १८३७ नंतरही सुटला नाही. १९६८ मध्ये तापीला मोठा पूर आला. १९७२ च्या सुमारास उकाई धरण पूर्ण झाल्यावर शहर निर्धास्त झाले असे वाटत असतानाच, ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडवला. तापीपासून दूर असलेल्या दक्षिणेकडील वस्त्यांना खाड्यांचे, म्हणजे शहरातून वाहणाऱ्या नाल्यांसारख्या प्रवाहांचे, पाणीही छळते. पांडेसऱ्यालगतच्या भेदवाड खाडीच्या काठी पावसाळ्यात घरांत पाणी शिरणे नवे नाही. अशा वेळी रेशन, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद, शिवणयंत्र, गाद्या हे सर्व माळ्यावर जाते, कित्येकदा माणसेही जातात. म्हणजे माळ्यावर सर्वाधिक ओझे नेमके त्या रात्री येते जेव्हा खालचे खांब पाण्यात आणि पायाची माती भिजून मऊ झालेली असते. आखणी करणाऱ्याने नेहमीच्या दिवसाचे वजन न धरता या रात्रीचे धरले पाहिजे.

आगीचा धोका येथे १८३७ पेक्षा निराळा आहे. घरोघरी कृत्रिम धाग्याचे कापड, पुठ्ठ्याची खोकी आणि प्लॅस्टिकची वेष्टणे असतात, आणि माळ्याच्या पोटाशी विजेच्या तारा खिळ्यांना अडकवून नेलेल्या असतात. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला लागलेल्या आगीत २२ जणांचा मृत्यू झाला, त्यांत बहुतेक शिकवणीसाठी आलेले तरुण विद्यार्थी होते. वरच्या बांधकामाकडे नेणारा लाकडी जिना जळाल्याने त्यांची वाट बंद झाली. ती इमारत गोदामी माळ्याची नव्हती, पण वर माणसे आणि खाली जळणारा लाकडी जिना ही तिची रचना पांडेसऱ्यातील असंख्य गाळ्यांत लहान प्रमाणावर आढळते, आणि म्हणून त्या दुर्घटनेचा विचार येथे टाळता येत नाही. जुन्या वाड्यांत जिन्याच्या तोंडावर जाड लाकडी झडप बसवत. तिचा हेतू चोरांपासून रक्षण हा असला तरी ती धूर आणि ज्वाळा वर चढण्यासही काही काळ अडथळा करत असे. आजच्या माळ्याला अशी झडप, लोखंडी शिडी, नळीतून नेलेल्या तारा आणि शिडीच्या विरुद्ध टोकाला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी या चार गोष्टी दिल्या तर तो पुष्कळ सुरक्षित होतो, आणि त्यांचा एकत्रित खर्च लाकडाच्या खर्चापेक्षा जास्त नसतो.

अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या माळ्याचा आणखी एक शत्रू म्हणजे उंदीर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात प्लेग पसरला तेव्हा अधिकाऱ्यांनी घरांची कौले उतरवून आत ऊन जाऊ दिले होते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत पुन्हा प्लेगची साथ आली आणि शहराने स्वच्छतेची कठोर मोहीम हाती घेतली. माळ्याच्या भिंतीला जाळी लावलेले झरोके ठेवणे आणि सामान भिंतीपासून वीतभर दूर रचणे, एवढ्याने साठवण कोरडीही राहते आणि तपासताही येते.

उंचीचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. महाराष्ट्रातील शहरांच्या बांधकाम नियमांत माळ्याची उंची दीड मीटरपर्यंतच मान्य केली गेली, कारण त्याहून उंच जागेत माणसे राहायला येतात आणि मग साठवणीसाठी धरलेला हिशोब, जिना, हवा आणि सुटकेची वाट हे सर्व अपुरे ठरते. पांडेसऱ्यात दोन पाळ्यांत काम करणारे कामगार एकच खोली वाटून घेतात, आणि रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा माळ्यावर झोपतो. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यापासून त्याचे डोके हातभर अंतरावर असते. अशा खोलीतला माळा केवळ सामानाचा आहे असे मानून घातलेले लाकूड, कठडा नसलेली कड आणि एकच शिडी ही त्या झोपलेल्या माणसासाठी पुरेशी व्यवस्था नव्हे, आणि म्हणून भाड्याने दिल्या जाणाऱ्या खोल्यांत माळ्याची आखणी माणूस वर राहणार असे गृहीत धरूनच, कठडा, दुसरी वाट आणि पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर यांसह केली पाहिजे.